इंग्रजीच्या वर्गाची पुढची खोली

मी, खाली सही करणारी, या घराची मालकीण आणि पुढच्या खोलीत इंग्रजीची शिकवणी घेणारी विधवा बाई, आज पूर्ण शुद्धीवर आहे. पडून मोडले ते खुब्याचे हाड. डोके शाबूत आहे. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करत आहे. मुलाने दबाव आणून पाहिला, पण दबाव कसा आणायचा हे तो माझ्याकडूनच शिकलेला असल्यामुळे उपयोग झाला नाही. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती सगळी रागाच्या भरात केलेली होती.

१. वरचा मजला मुलाला. बँकेतली शिल्लक मुलगा आणि सून यांना निम्मी निम्मी. मुलाला पॅसिव्ह व्हॉइस मला कधी शिकवावाच लागला नाही. लहानपणी तो "मी कप फोडला" न म्हणता "कप फोडला गेला" असे गंभीरपणे सांगत असे. पुढची खोली मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाला भाड्याने द्यायचे "ठरवलं गेलंय", हेही त्याने मला तसेच कळवले.

२. शिवणयंत्र गल्लीतल्या शिंप्याला. ही भेट नसून तहाची बोलणी समजावी. मी व्याकरणाची उदाहरणे पुस्तकातून घेतली नाहीत, आजूबाजूच्या माणसांवरून घेतली. फ्युचर टेन्ससाठी "शिंपी ब्लाउज उद्या देईल" हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. एकदा त्याच्याच मुलीने ते घरी मोठ्याने पाठ केले. तो तणतणत आला. "बाई, माझी अब्रू फळ्यावर टांगलीत!" मी म्हटले, "ब्लाउज दे, वाक्य पुसते." ब्लाउज त्याच संध्याकाळी मिळाला, पण बाह्या इतक्या घट्ट की फळ्यावर लिहायला हात वर जाईना. ते त्याने मुद्दाम केले, असे माझे आजही मत आहे.

३. मोत्यांचे कानातले थोरल्या बहिणीला. हायपरबोली, म्हणजे अतिशयोक्ती, शिकवताना मी "ताईने मला हजार वेळा सांगितले" हे उदाहरण देत असे. एकदा ती नेमकी दारात उभी होती. "हजार? अगं, लाख वेळा सांगितलं असेल!" वर्गाला अतिशयोक्ती कायमची समजली. ताई "आता तुझं तोंड बघणार नाही" म्हणून निघून गेली आणि दुपारी जेवायला आली.

४. पुढची खोली, फळा, बाके आणि वर्ग सूनबाईंना.

या कलमावर मी स्वतः काट मारली आहे. त्याचे कारण असे.

मी मागच्या खोलीत अंथरुणाला खिळले तेव्हा वर्ग सुनेने हातात घेतला. भिंतीपलीकडून मला सगळे ऐकू येई. एके दिवशी तिने मुलांना सिमिली, म्हणजे उपमा, शिकवायला घेतली आणि उदाहरण मागितले. कधी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "मोठ्या बाई कुकरच्या शिट्टीसारख्या आहेत. आधी दचकवतात, मग जेवण मिळतं." सगळा वर्ग हसला, सूनही हसली आणि म्हणाली, "शाब्बास, लिहा सगळ्यांनी!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सुनेच्या हातचा चहा बंद केला. डोके दुखू लागल्यावर पुन्हा सुरू केला. पण त्या मुलीला बोलते करणे मला जमले नव्हते, ते हिला जमले. सून माझ्यापेक्षा चांगली शिकवते, आणि मला तिचा फार अभिमान वाटतो.

परवा भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. ती नवऱ्याला सांगत होती, "दुकान आलं तर मुलांना बसवू कुठे? त्यापेक्षा मी शाळेतली नोकरी घेते. सोमवारी होकार कळवायचाय."

मी तातडीने वकिलाला बोलावले. तो माझा जुना विद्यार्थी. चौथे कलम वाचून त्याने डोके खाजवले.

"बाई, हे तुम्ही गेल्यावर लागू होणार. तोवर सूनबाई शाळेत जुन्या होतील."

"मग मी लवकर आटपू का?"

"अहो, काहीतरीच काय! बक्षीसपत्र करा. खोली लगेच त्यांच्या नावावर होईल."

त्याप्रमाणे आज, सोमवारी सकाळी, सुनेला सोबत घेऊन, चाकाच्या खुर्चीतून कचेरीत जाऊन मी बक्षीसपत्र नोंदवले. तिथे पोचेपर्यंत तिला काही सांगितले नव्हते.

"अहो आई, मला आधी विचारायचं तरी!"

"माझी शिट्टी केलीस तेव्हा मला विचारलं होतंस?"

ती रडली. मीही रडले. मग तिने कचेरीच्या जिन्यातूनच शाळेला नकार कळवला. मुलाच्या दुकानदाराला मी स्वतः कळवले, आणि कोणी कळवले ते स्पष्ट सांगितले.

तेव्हा पुढची खोली या मृत्युपत्रात येत नाही. बाकी कलमांसाठी माझ्या मरणाची वाट पाहावी. घाई करू नये.

साक्षीदार : १. माझा खुबा बसवणारे डॉक्टर. २. वर उल्लेख केलेला वकील. दोघांच्या देखत मी सही केली, माझ्या देखत दोघांनी केली.

तारीख : आजचीच.

ठिकाण : मागची खोली. पुढच्या खोलीत बसून सही करायची इच्छा होती, पण मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या, "आई, वर्ग सुटेपर्यंत थांबा."