टपालाने आलेल्या चौदा जिभा

बाळापूर, ९ ऑगस्ट ६२
ली मास्तरांचा बारावा धडा आला. दार्जिलिंगहून, पंधरा दिवसांनी. कागदभर एकच जीभ, रंगीत पेन्सिलीने काढलेली. जीभ पाहून रोग ओळखायचा : टोक म्हणजे काळीज, कडा म्हणजे यकृत. भोवती चिनी अक्षरं, खाली त्यांचं मोडकं हिंदी. मास्तर अकोल्यात जठारपेठेत लोकांचे दात काढायचे, तेव्हाची आमची ओळख.

मागे मी कळवलं होतं, इथे निम्म्या गावात उष्णता, जिभा लालभडक. उत्तर आलंय : "पहले पान थूकने बोलो. फिर देखो." एकटाच हसत बसलो.

अकरा वर्षं कंपाउंडर. डॉक्टरसाहेब सांगतील ते मिक्स्चर बाटलीत भरायचं, डोसाची पट्टी चिकटवायची. 'तू काय पाहिलंस?' असं विचारणारा हा एकच माणूस.

२८ ऑक्टो.
चीनशी लढाई. गावात मदतीची पेटी फिरली, बायकोनं, शांतानं, कानातले दिले. मलाही रडू आलं. आणि याच आठवड्यात चौदावा धडा! पोस्टमननं पाकीट दोन बोटांत धरून दिलं. सगळे धडे ज्वारीच्या कणगीत खुपसले.
शांता : "चोरावानी काहून लपवून राहिले? जाळून टाका ना."
हात होईना.

१७ नोव्हें.
पोलीस जमादार घरी आला, कणगी उपसली. चौदाही कागद दवाखान्याच्या टेबलावर मांडले.
"हा कोणत्या मुलखाचा नकाशा हाय?"
"जीभ हाय, साहेब."
"मले येडा समजतं का?"
मी माझीच जीभ काढून दाखवली. वय वर्षं अडतीस! तो कागदाकडे बघे, मग माझ्या तोंडाकडे. डॉक्टरसाहेब हसले. मग मला म्हणाले, नोकरी ठेवायची असेल तर लिहून दे.
दिलं. 'सदर इसमास मी ओळखत नाही. कागद न मागता आले.' खाली सही. कागद जमादार घेऊन गेला.

१८ नोव्हें.
जेवण गेलं नाही. स्वतःची लाज वाटते.

२३ डिसें.
लढाई थांबून महिना झाला. दवाखान्यात कोणी जीभ काढली की मान वळवतो, तरी दिसतंच. आज एका म्हातारीच्या जिभेच्या कडा जांभळ्या. आठव्या धड्यातलीच जीभ. डॉक्टरसाहेबांना सांगायला तोंड उघडलं, आणि पुन्हा बाटल्या भरायला लागलो.

६ मार्च ६३
कार्ड आलं. राजस्थानातल्या छावणीतून, इथल्या चिन्यांना लढाईपासून डांबून ठेवलंय तिथून; वर तपासणीचा शिक्का. अक्षर मास्तरांचंच, पण वाकडंतिकडं.
"हम सब को इधर लाया. किताब सब गया. चश्मा टूटा, चित्र बनता नहीं. इधर एक लड़की सीखना माँगती. तुम्हारे पास मेरा चौदा पाठ है, नकल भेजो. पान थूकने बोलते हो ना?"

माझ्याकडे एकही नाही, हे त्यांना कुठे माहीत? आणि आठवून काढून धाडले तर ओळख उघडी पडली. म्हणजे सही खोटी, नोकरी गेली. न धाडावे तर...

९ मार्च
शांतानं मुलीच्या दप्तरातून रंगीत पेन्सिली काढून पुढ्यात ठेवल्या.
"लाल आखूड हाय. जपून वापरा."
एवढंच बोलली.

१५ मार्च
चौदाही काढून झाल्या. एकही अडली नाही. पाकीट चिकटवलं, छावणीचा पत्ता घातला. कार्डावरच सूचना आहे : पाठवणाऱ्याचं नाव नसेल तर टपाल पोचवलं जाणार नाही.
तेवढी जागा सोडून ठेवली आहे. दौत उघडीच आहे.