जुन्या ताण्याची टोकं

बाबा,

उद्यापर्यंत मला ऑफिसात उत्तर द्यायचं आहे. आमची रविवारची पुरवणी बंद झाली. इतकी वर्षं मी दिवसा पुरवणीची पानं लावली आणि संध्याकाळी धरमपेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये नाटकाच्या तालमी केल्या. आता संपादक म्हणतात, बातम्यांच्या डेस्कवर या, वेळ पाच ते अकरा. जमत नसेल तर राजीनामा द्या. आमच्या तालमी पाचनंतरच असतात. नव्या नाटकाचे दोन अंक बसलेत, तिसरा लिहायचाय, आणि नटांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. आमचा दिग्दर्शक परवा म्हणाला, "तिसरा अंक रिटायर झाल्यावर देता का, मॅडम?" सगळे हसले, मीही हसले. आईला विचारलं तर ती पलंगावरूनच म्हणाली, "मले काय विचारून राहिली वं? तुये नाटकवाले चहा पेण्याशिवाय काय करतात? घर त तूच चालवून राहिली." खरं आहे. तिच्या औषधांपासून गॅसपर्यंत सगळं माझ्या पगारावर आहे, आणि बावन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण घेणार? सकाळपासून वही पुढ्यात आहे. एक वाक्य येत नाही.

म्हणून सारखे तुम्ही आठवता. उमरेडच्या घरातली पुढची खोली, खोली भरून तो माग. साड्यांची कामं थांबली आणि तुम्ही कोळशाच्या खाणीवर गेटवरची नोकरी धरलीत. शेवटची साडी उतरवलीत, पण ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, हातभर टोकं मागाच्या फणीत ओवलेली तशीच ठेवलीत. विणकर ती कधी कापत नाही. नव्या ताण्याचा एकेक धागा राख लावून त्या टोकांना पिळला की माग पुन्हा चालू होतो. टोकं गेली तर हजारो धागे नव्यानं ओवावे लागतात. दोन वर्षं ती तशीच लोंबत होती. खाणीवरून आलात की तुम्ही आधी हात धुता, मग खाकी कपड्यांतच मागापाशी जाऊन टोकांवरून बोटं फिरवता. मी चुलीपासून बघते.

मी अकरा वर्षांची आहे, दिवाळीची साफसफाई चालली आहे, आई म्हणते मागावरची कोळ्यांची जाळी काढ. मी जाळी काढते, आणि मग कात्री घेऊन सगळी टोकं कापून टाकते. ती कशासाठी असतात हे मला माहीत होतं, बाबा. पण घरात पगार येत होता. मला वाटलं, आता माग कोणाला हवाय. तुम्ही आलात, रिकाम्या फणीकडे बघत उभे राहिलात.

"काहून कापलं वं?"

"तुमाले आता नोकरी आहे ना, बाबा."

"हो. आहे खरी," तुम्ही म्हणालात आणि ताट वाढायला सांगितलंत. त्या दिवशी तुम्ही दोनदा भात घेतलात. आठवड्याभरात माग लाकडाच्या भावानं गेला.

तुमचा माग मी संपवला, असंच मी आजवर समजत आले. पेन्शनीत गेल्यावर तुम्ही ओट्यावर गप्प बसून असायचात, तेव्हा तुमच्यासमोर यायला मला भीती वाटायची. माफी मागायची राहिली, तुम्ही गेलात. पण या आठवड्यात तो दुसऱ्यांदा घेतलेला भात डोक्यातून जात नाही. ते दुःख गिळणं होतं, की सुटका? आता आपल्याला काही ठरवायचं उरलं नाही, म्हणून भूक लागली होती? हे मी आईला विचारू शकत नाही, दुसऱ्या कोणालाच नाही. तुमचं उत्तर 'हो, सुटकाच' असेल तर निदान मी एकटी नाही. 'नाही' असेल, तर एवढी वर्षं त्या हॉलमध्ये मी काय करत होते, हे मला कळेनासं होईल.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहून टाकते. उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय असं मी वर लिहिलं, आईला आणि दिग्दर्शकालाही तेच सांगितलं. होकार मी सोमवारीच दिला. त्यानंतरही तालमीला जाऊन बसले, दुसऱ्या अंकातल्या चुका काढल्या. आणि सोमवारी, होकार देऊन घरी आल्यावर, मी भर दुपारी झोपले. किती तरी वर्षांनी इतकी गाढ झोप लागली.