सुनंदाबाईंची ट्रंक

कराड, मंगळवार, संध्याकाळी सात

आष्ट्याच्या सुनंदाबाईंनी आज आपल्या सगळ्या कमेंट्स पुसून टाकल्या. पहिल्या प्रकरणापासूनच्या.

टीव्ही मालिकेतल्या एका फौजी जोडप्यावर मी ऑनलाइन फॅनफिक्शन, म्हणजे त्यांच्या माझ्या मनातल्या गोष्टी, लिहिते. परवा नवव्या प्रकरणात त्यातल्या नवऱ्याला मारून टाकलं. सुनंदाबाईंनी लिहिलं, 'आवं ताई, त्याला परत आणा की. लय जीव लागलाय.' मी उत्तर दिलं, 'वाचकांच्या हट्टावर साहित्य घडत नाही.' साहित्य! त्याखाली हसरे चेहरे आले. ते मला आवडलेही.

आणि सातव्या प्रकरणातली ट्रंक तर त्यांचीच. त्यांनीच एकदा कमेंटमध्ये सांगितलं होतं, 'आमच्यात फौजीची सुट्टी संपताना ट्रंकेवरचं नाव बायकोनंच रंगवायचं. पुसट नावानं माणूस धाडायचा न्हाई.' मी ते उचललं. सगळे त्या ट्रंकेबद्दलच बोलले. सुनंदाबाईंचं नाव मी कुठेच घातलं नाही, त्यांनी मागितलंही नाही.

धाकटी शैला म्हणाली, "आक्का, एक सॉरी टाक की. त्यात काय मरतीस?"

कुठे टाकू? जिच्याखाली टाकायचं ती कमेंटच राहिली नाही. सगळ्यांसमोर वेगळं लिहिलं, तर तेही मिरवणंच ना?

शेवटी ठरवलं, निदान सातव्या प्रकरणातून त्यांची ट्रंक तरी काढून टाकावी. काढली. प्रकरण पुन्हा वाचायला घेतलं. उरलेलं सगळं माझं होतं. वाचवेना.