धाकटीच्या गाठीतल्या वीस पेशी

सोमवार, ३ मार्च
निघाली एकदाची गाठ! मानेतली, सुपारीएवढी. धाकटी शुद्धीवर आली आणि पहिला प्रश्न — "ताई, विमानाचं काय? जाऊ ना मी?" भूल पुरती उतरली नाही, पण विमान आठवलं! परदेशातल्या बंदरावरची नोकरी, दोन वर्षांचा करार, किती दिवस मागे लागली होती त्याच्या.

"जाशील गं. हे सगळं त्या ग्रंथिज्वराच्या विषाणूचं," मी म्हटलं. खात्री आहे मला. आधी घसा, मग ताप, मग गाठी. रक्तातही त्याच्याच खुणा. बहुतेकांना लहानपणीच गाठतो आणि गुपचूप पडून राहतो. आमच्या बाईसाहेबांना सगळंच उशिरा!

बुधवार, ५ मार्च
अर्धी गाठ जिवंत माझ्याकडे आली, पेशी वाढवून बघायला; अर्धी फॉर्मलिनमधून सबुरीबुवांकडे गेली. म्हणजे आमचे पॅथॉलॉजीचे मोठे डॉक्टर. काहीही विचारा, उत्तर एकच — "सबुरी!"

आमच्या प्रयोगशाळेचा नियम आहे — आपल्या माणसाच्या पेशींची काच आपण वाचायची नाही. शेजारच्या टेबलवालीने आठवण करून दिली, "मी वाचते, तू चहा घेऊन ये." मी हलले नाही. उभा जन्म गुणसूत्रं वाचण्यात गेला माझा. आठव्याचा तुकडा चौदाव्यावर जाऊन बसला तर मला झोपेतही दिसेल. तो तिथे बसला की पेशीला वाढायचा हुकूम सुटतो, थांबायचा सुटतच नाही — झाला लिम्फोमा, गाठींचा कॅन्सर. हा विषाणू पेशींना वाढायला फूस लावतो, तेही ठाऊक आहे. पण फूस लावणं वेगळं आणि घर फोडणं वेगळं.

शुक्रवार, ७ मार्च
पेशी मस्त वाढल्यात. आज थांबवल्या, फुगवल्या, काचेवर टाकल्या.

सोमवार, १० मार्च
वीस पेशींची गुणसूत्रं वाचून काढली. सेहेचाळीस, सेहेचाळीस, सेहेचाळीस! आठवं जागेवर, चौदावं जागेवर, बाकीचीही. शेजारणीनेही वाचली — तेच. धाकटीला फोन केला, "बॅग भर!" अशी किंचाळली की फोन कानापासून लांब धरावा लागला. नंतर मी थोडी रडले. आनंदानं. इथे लिहायला कसली लाज?

बुधवार, १२ मार्च
सबुरीबुवांना जिन्यात गाठलं. "तुमचा रिपोर्ट?"

"अजून एक स्टेन करतोय, वेगळ्या रंगात बघतोय. काही पेशी मला आवडल्या नाहीत. सबुरी."

मी माझा अहवाल त्यांच्या नाकासमोर धरला. चष्मा कपाळावर चढवून वाचला त्यांनी. "बाई, तुम्ही वाढलेल्या पेशी वाचल्यात. ज्या वाढल्याच नाहीत त्यांचं काय?"

दुधात मिठाचा खडा टाकायची हौस नुसती! सगळ्या आयुष्यात या माणसाने कधी 'छान' म्हटलं असेल तर शपथ.

रात्री जेवताना धाकटी म्हणाली, "सगळे रिपोर्ट आले ना गं? नाहीतर तिकीट पुढे ढकलते. तशी सोय आहे." मी म्हटलं, "माझा आला. तो पुरे." तिने लगेच मानही डोलावली.

शनिवार, १५ मार्च
बॅग बंद होईना. शेवटी मी वर बसले, तिने चेन ओढली. दोघी हसून बेजार.

सोमवार, १७ मार्च
विमान दुपारी सुटलं. संध्याकाळी सबुरीबुवांनी बोलावलं आणि आपली खुर्ची दिली. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पेशींची गर्दी, आणि त्या गर्दीत मोजक्याच, मोठ्या, दोन-दोन केंद्रकांच्या पेशी. त्यांच्यातच विषाणू. हॉजकिन लिम्फोमा! त्या माझ्याकडे वाढल्याच नव्हत्या. वाढली ती गर्दी, आणि मी गर्दी वाचत बसले.

"बरा होतो हा आजार," ते म्हणाले. "पण आता सबुरी नको."

तिचा फोन बंद आहे. ती अजून हवेत आहे, माझ्या शब्दावर.