सुधारित हातबॉम्ब

आदरणीय दाजी यांना मेहुण्याचा वाकून नमस्कार. आपला दमा कसा आहे? ताईचे गुडघे काय म्हणतात? मी इकडे धडधाकट आहे (हे आज दुपारी साडेचारपर्यंतचं).

आपल्या शब्दाखातर मिळालेली ही नोकरी म्हणजे कारखान्यात नवा हातबॉम्ब झाला, की तो सगळ्यांच्या आधी फेकून बघायचा. पहिला होता लोखंडी गोळा; आत दारू, वर वात. वात पेटवायची नि फेकायचा. पण वात दमट असली की पेटायची नाही, कोरडी असली की थांबायची नाही. (माझ्या डाव्या भुवईचं विचारू नका.) मी रडगाणं गायलं, तर कारखान्याच्या साहेबांनी वातच काढून टाकली. आता लांब दांडा, शेपटीला फिती, आणि नाक आपटलं की फुटणार. साहेब हुशार खरे. पण फेकायला हात मागे न्यावा लागतो आणि मी उभा असतो त्या चरात मागे भिंत असते, हे त्यांच्या आराखड्यात नव्हतं. नाक भिंतीपासून चार बोटांवर थांबलं. त्या दिवसापासून मला भिंतीला टेकून जेवण जात नाही.

आज तिसरा आला. अंड्यासारखा, अंगभर खाचा, बाजूला खटका, खटक्याला पिन. पिन काढली तरी खटका दाबून धरलाय तोवर काही होत नाही. सोडला की पाच सेकंद. मी पिन काढली, हात उचलला, आणि बघतो तर साहेब स्वतः टेप घेऊन समोरच्या मैदानात अंतर मोजतायत. मी खटका आवळून तसाच उभा राहिलो. मोजून झाल्यावर ते तिथूनच म्हणाले, "अहो, कशाची वाट बघताय?"

"साहेब, तुमची."

मग ते आले, अगदी हळू, पावलं मोजत. पिन चिखलात पडली होती. ती त्यांच्याच बुटाखाली सापडली. त्यांनी ती पुसून परत बसवली. माझी मूठ कंपाउंडरनं गरम पाण्यात धरून तासाभरानं उघडली.

ताईला यातलं काही कळू देऊ नका. मी वजनकाट्यावर कामाला आहे, असंच तिला माहीत आहे.

आपला आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. साहेब म्हणाले, फेकायला दुसरा माणूस आणा, तुम्हाला कारकुनाची खुर्ची देतो. आपले धाकटे बंधू सध्या घरीच असतात, आणि त्यांचा नेमही चांगला आहे.

पुन्हा ता. क. वरचं सकाळी वाचून बघितलं. बंधूंना पाठवू नका. आपली वर ओळख आहेच, तर एवढंच विचारा, पाचाचे सहा सेकंद होतील का?