चार महिन्यांत किलोचा मासा

१२ जानेवारी, रविवार

पुरवणीत अर्धं पान! ‘चार महिन्यांत किलोचा मासा’ हा मथळाही माझाच. बिडकीनच्या पुढं सरिताचं शेततळं, त्यात देशी मागूर, खाद्य म्हणून चिकनच्या दुकानांतली टाकाऊ आतडी. फोटो मीच काढलेला: सरिता हसते आहे, हातात लांब मिशांचा काळा मासा. सकाळपासून अकरा फोन. सगळ्यांना एकच हवं – बीज कुठं मिळतं?

चहा देताना वैदेही म्हणाली, “लग्नाला तीस वर्षं झाली, घरात अंडं आलं नाही. आणि नवरा माशांवर अर्धं पान लिहितो.” मी म्हटलं, क्रिकेट तरी कुठं खेळलो? त्यावर दहा वर्षं लिहिलंच ना!

१३ जानेवारी

पैठणहून सोमनाथचा फोन. तिथल्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष, जातीचा भोई, आजोबांपासून गोदावरीत जाळं टाकणारं घर. आधी तब्येत विचारली, मग लेख आवडला म्हणाला, मग मुद्द्यावर आला.

“साहेब, देशी मागूर वर्षात पावशेराचा व्हतो. चार महिन्यांत किलो झाला म्हंजी त्यो थाई मागूर. बंदी हाय त्याच्यावर. छापायच्या आधी कुणाला इचारलं व्हतं का?”

नव्हतं विचारलं. सरिताला एजंटानं देशी सांगितलं, तिनं मला सांगितलं, मी वाचकांना सांगितलं. शुक्रवारी चारला पान लागतं. डाळिंबाचं असतं तर मी दोन ठिकाणी खात्री केली असती. माशातलं मला काहीच कळत नाही, म्हणून शंका घेण्याइतकंही कळलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ खाऊन मत्स्यव्यवसाय खात्यातल्या करुणा मॅडमना फोन केला, म्हटलं आडून विचारून बघू. त्या म्हणाल्या, “कात्रण माझ्या टेबलावरच आहे.” फोटोवरून त्यांनी कालच ओळखलं होतं.

मग समजावून सांगितलं. हा मासा पाण्याबाहेर तासन्‌तास जगतो, चिखलातून सरपटत जातो, दुसऱ्या माशांची पिल्लं खातो. जायकवाडी धरणाच्या फुगवट्यात शिरला तर रोहू-कटल्याचं काही खरं नाही, आणि भोयांचंही. म्हणून गुरुवारी पथक जाणार – जेसीबीनं खड्डा, त्यात मासे, वर चुना. सरितावर गुन्हा दाखल करणार नाहीत. तिची फसवणूकच झाली आहे.

“तुमच्यापुरतंच ठेवा,” असंही म्हणाल्या.

१५ जानेवारी, बुधवार

ठेवलं नाही. दुपारी सरिताला फोन करून सांगितलं. माझ्या फोटोमुळं तिच्या दारात जेसीबी उभा राहणार, आणि तिला ते जेसीबी दिसल्यावर कळावं हे मला बरं वाटेना. इतक्या वर्षांत विश्वासानं सांगितलेलं बाहेर काढलेलं हे पहिलंच.

ती म्हणाली, “भाऊ, आत्या माळकरी. आपल्या बांधाच्या आत एक जीव मारायचा नाय, या बोलीवर त्यांनी तळ्यात मासे सोडू दिले. व्यापारी जित्ते घेऊन जायचा. आता आमच्याच रानात पुरणार म्हणता?”

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, आवडाबाई. मी म्हटलं, कायदा आहे, इलाज नाही. त्यांच्या मनाची तयारी करा.

१६ जानेवारी

पथक जवळजवळ रिकाम्या हातानं परतलं. तळ्यात जेमतेम चाळीस मासे. सरितानं सांगितलं, काल संध्याकाळी व्यापारी येऊन घेऊन गेला. करुणा मॅडमनी मला एवढंच कळवलं. विचारलं काहीच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तरी सुटल्यासारखं वाटलं, हे इथं लिहून ठेवतो.

१९ जानेवारी, रविवार

पान दोनवर खुलासा, सहा ओळी. संपादक म्हणाले, एवढ्याची गरज होती का? होती. पण अर्धं पान वाचणाऱ्यांपैकी किती जण सहा ओळी वाचतात?

गुलमंडीतून चालत घरी येताना डोक्यात तेच. मासे हा विषय आमच्याकडं यशकथा म्हणूनच येतो. पिंजऱ्यातले मासे, तळ्यातले मासे, अनुदान, हसरा फोटो. वर्षानं त्याच तळ्यावर परत कुणी जात नाही. सोमनाथ मागं सांगत होता – बीज ट्रकनं लांबून येतं, निम्मं वाटेतच मरतं. बारीक छिद्रांच्या जाळ्यात पिल्लंच निघतात. संस्थेतले तरुण कारखान्यात लागले. यातलं मी कधी लिहिलं? कुणी मागितलंच नाही, हे काही उत्तर नव्हे.

२ फेब्रुवारी, रविवार

ठरवून परत गेलो सरिताकडं. तळं धुऊन घेतलंय, कटल्याचं बीज मागवलंय – या वेळी खात्याकडूनच. ते लिहीन म्हटलं.

आवडाबाईंनी चहा दिला. मी सहज विचारलं, तो व्यापारी कुठला होता? सरिता खाली बघू लागली. आवडाबाईंनी मान खाली घातली नाही.

“कुठला व्यापारी? आमी दोघींनी घमेल्यानं ओढ्याला सोडले. अंधार पडंस्तोवर वाहत व्हतो. खोटं कशापायी बोलू? जित्ते आनले व्हते, जित्ते गेले. तुमी येळंवर सांगितलं म्हनून वाचले. लई पुण्य लागंल तुमाला.”

ओढा घरामागंच आहे. गुडघाभर पाणी. शेताखालून वळतो आणि फुगवट्याला मिळतो.

चहा संपवला. नमस्कार करून निघालो.

३ फेब्रुवारी

करुणा मॅडमना फोन लावला. उचलण्याआधीच बंद केला.

५ फेब्रुवारी

आजही केला नाही.

९ फेब्रुवारी

सोमनाथचा फोन. आज फुगवट्यात त्यांच्या जाळ्यात सात निघाले, सगळे किलोच्या वरचे. एकाच्या पोटात रोहूची पिल्लं. आवाज नेहमीसारखाच शांत. “कुणी सोडले तेवढं शोधून काढा, साहेब. आमचं तुमच्याबिगर कोण ऐकतं?”

शोधायची गरज नाही म्हणालो. आणि सरिताला केलेल्या त्या बुधवारच्या फोनपासून सगळं सांगितलं.