निळं जाळं

शिरवणे, ४ जून १९७८
घरात खडाजंगी. वसंतभावजी पनवेलहून नायलॉनचं जाळं घेऊन आले. निळंशार, हलकं. सासऱ्यांनी, आबांनी, हातसुद्धा लावला नाही. "सुताचा जाला हाय ना घरान?"
भावजी म्हणाले, "तो सारखा ऐनाच्या सालीत उकळा, तरी कुजतोच!" सालीची भट्टी लावायचं काम सासूबाईंकडे, त्यामुळे त्या भावजींच्या पक्षात. शेत सरकारनं नव्या शहरासाठी घेतलं, आता घर चालतं ते खाडीच्या मासळीवरच. म्हणून एवढा आवाज. मी नवी सून, गप्प.

६ जून
आज न राहवून बोलले. शाळेत मुलांना शिकवते तेच: करून बघा. दोन्ही जाळ्यांचे तुकडे परसात पुरू, दिवाळीत उकरू. आबा चक्क हसले! मी माझी जुनी सुती चोळी आणि ह्यांच्या टेरिलीन शर्टाची बाहीही पुरली. हे म्हणाले, "माझ्या शर्टाचा काय गुन्हा?"

२० ऑगस्ट
निळ्या जाळ्यात जिताडा. आबांनी दोनदा कालवण मागितलं. भावजी मिश्कील बघत होते. आबा म्हणाले, "माशाला काय म्हाईत, तो कुनाच्या जाल्यान गावला?"

२९ ऑक्टो.
उकरलं. सुताचं जाळं म्हणजे काळा चिखल, चिमटीतही येईना. चोळीचे नुसते हूक. बाही मात्र धुऊन घालावी अशी! नायलॉन निळं ते निळंच.
भावजी नाचले, "जिंकलो!"
"मी पन," आबा म्हणाले. "माजा जाला हरवला तं खाडी त्याला खाते. तुजा हरवला तं?"
"हरवतोय कशाला!"
निकाल मी द्यायचा म्हणे. मी चुलीकडे पळाले.

१५ नोव्हें.
हरवलं. भरतीच्या ओढीत दोर तुटला. भावजी जेवले नाहीत. आबा एकही टोमणा न मारता उठले, "चल, होरी कार." बापलेक जूनपासून पहिल्यांदा एका होडीत. कांदळवनात अडकलेला एक तुकडा मिळाला, त्यात जिवंत चिंबोऱ्या. आबांनी एकेक सोडवून पाण्यात टाकली. सासूबाई हळहळल्या. (मीही. चिंबोऱ्या मोठ्या होत्या.)
रात्री भावजी म्हणाले, "आबा, बाकीचा तिकडं अजून मासं धरत असंल?"
"धरत असंल."

१६ नोव्हें.
उद्या ओहोटीला पुन्हा जाणार. आबा म्हणाले, सूनबाय पन येल. सासूबाई भाकऱ्या थापताहेत, चार जणांच्या. ह्यांना कामावर जायचंय, म्हणजे त्याही निघाल्या वाटतं!
भावजींनी विचारलं, "मिळालं तर वापरायचं ना?"
आबा म्हणाले, "आधी मिलू दे."